चिमीचा खुराक

आमचे शेजारी तुकावस्ताद पहाटे दूधकट्ट्यावर जात, म्हशीखाली पेला धरत आणि ते धारोष्ण दूध आपल्या पटक्याला लटकलेल्या माकडाच्या पिल्लाला पाजत.

"धार हळू सोड की रं," गवळ्याला दम भरत, "ल्हान पैलवान हाय!"

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. एका सरदारांच्या बागेत माकडांचा पिंजरा उरला, त्याची राखण वस्तादांकडे आली. कोल्हापुरात पैलवान एक वेळ आखाडा सोडेल, दूध सोडणार नाही. वस्तादांनी दोन्ही सोडलं होतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचा एकच सवाल: "खुराक कुठं हाय?" माझं लग्न जमेना, खुराक कमी. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेना, खुराक कमी. एकदा हौसेनं त्यांना माझी कविता ऐकवली. डोळे मिटून ऐकली बिचाऱ्यांनी. म्हणाले, "झ्याक हाय मास्तर, पर खुराक न्हाय."

पिल्लाचं नाव चिमी. आई दगावलेली, जीव मूठभर. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "वाढत्या पिल्लाला नुसत्या केळ्यांवर ठेवू नका. अंगाच्या मानानं त्याला मोठ्या माकडापेक्षा जास्त प्रोटीन लागतं. दूध द्या, पुढं भिजवलेले हरभरे, थोडं अंडं."

वस्तादांना एवढंच उमगलं की तालमीत नवा पठ्ठ्या आलाय. त्यांनी बदाम-खसखस घोटून झकास थंडाई केली, चिमीला पाजली आणि तिला शिकवायला स्वतः जोर मारू लागले. शिष्या गुरूच्या पाठीवर झोपून गेली. संध्याकाळी पोट बिघडून ती मलूल पडली.

डॉक्टर भडकले. "वस्ताद, हिला काय कुस्ती धरायचीय?"

"मग अंग कशापायी भरायचं?"

"जगायला!"

वस्तादांनी उरलेली थंडाई झाडाच्या मुळाशी ओतून दिली.

मग ते कापसाच्या बोळ्यानं तिला थेंब थेंब दूध पाजत बसले. सकाळी शाळेला जाताना मी डोकवायचो. रंकाळ्यावरचं धुकं बागेत शिरलेलं असायचं, झाडं विरघळून गेलेली. त्या पांढऱ्या गुंगीत एवढा आडदांड माणूस छातीवर पिल्लू घेऊन हलकेच डुलत असायचा. मला वाटे, आपण अजून अंथरुणातच आहोत.

चिमी जगली. हळूहळू हरभरे फोडायला लागली. एके दिवशी वस्तादांच्या हातातून निसटून थेट पिंजऱ्यातल्या माकडांत घुसली, एका थोराड माकडाच्या हातचे हरभरे तिनं पळवले आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या पहाटे मी चहापुरतं दूध घ्यायला कट्ट्यावर गेलो, तर वस्ताद एकटेच आले. "आपलं आपण खाती आता," म्हणत खूप हसले. सवयीनं गवळ्यानं पेला भरून हातात दिला. ते फेसाकडे बघत राहिले.

"माझी पोरगी अशीच एवढीशी हुती, मास्तर. घरात म्हस एकच. मी कुस्त्यांच्या दंगलीच्या तयारीत, समदं दूध मला. मी प्यायला लागलो की पेल्याकडं बघत बसायची." पेला हातात फिरवत म्हणाले, "दंगल मारून घरी आलो, तर पोरगी गेलती."

त्यांनी पेला माझ्यापुढं धरला.

"घ्या. तुमच्या अंगाला खुराक न्हाय."

धारोष्ण दुधाच्या वासानंही मला मळमळतं. तरी घेतला. शेवटचा घोट उतरेपर्यंत वस्ताद पेल्याकडे बघत होते.