पंचधातूच्या कवटीस मिशा आल्याची हकीकत

श्री. कुलदेवता साह्य असो, लिहिणाराचा हात न कापो, आणि ऐकणाराने हकीकत पुरी होईतो उठू नये. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयी राज्यात स्वस्थता होती, शत्रू दूर होता, धान्य मुबलक होते, आणि ऐशा स्वस्थतेत राजेलोकांस जे सुचू नये तेच सुचते. समुद्रापलीकडील एक टोपीकर सौदागर दर्शनास आला आणि त्याने हस्तिदंताची कवटी नजर केली. लिंबाएवढी, दात मोजून बत्तीस, आणि जबडा खालीवर होई. महाराजांनी पुसिले, "हे काय?" टोपीकर दुभाष्याकरवी बोलिला की, आमचे मुलखी थोर लोक ही लिहावयाचे मेजावर ठेवितात, येणेकरून मरणाचे स्मरण राहते आणि मनुष्य शहाण्यासारखा वागतो. महाराज बहुत संतोष पावले, टोपीकरास शालजोडी दिली, आणि कारखान्यांस आज्ञा जाहली की, आता कवट्याच घडाव्या. मग काय पुसता! सुतारांनी पलंगाचे खुरांस कवट्या काढिल्या, पाथरवटांनी हौदाचे काठी बसविल्या आणि त्यांचे मुखातून पाणी सोडिले, कासारांनी समया केल्या, सोनारांनी अंगठ्या केल्या, आणि पानदान तर ऐसे केले की टाळू उघडावी आणि आतून विडा घ्यावा. हुजुरांस आवडले म्हणोन सरदारांस आवडले, सरदारांस आवडले म्हणोन त्यांचे बायकांस आवडणे प्राप्त जाहले. एका सरदाराचे कुटुंबाने नथीत मोत्याचे ठायी कवटी बसविली, तेव्हा तो सरदार आठ दिवस भिंतीकडे पाहोन जेवीत होता. आम्हांसही कवटीची दौत मिळाली. शाई बरी राहते, परंतु दातांच्या फटींतून पुसता पुसता जीव मेटाकुटीस येतो. मरणाचे स्मरण कोणास जाहले ऐसे काही दिसले नाही. विडे मात्र अधिक खपले.

मग भाद्रपदात महाराजांचे मनात आले की, परक्याचे कवटीने स्मरण ते किती होणार, आपली स्वतःचीच करवावी, आणि विजयादशमीचे दरबारी सिंहासनाचे पायरीवर मांडावी, म्हणजे पाच राज्यांचे वकील येतील ते पाहोन थक्क होतील. कारभारी नारो विश्वंभर यांनी सटवाजी ओतारी यास बोलाविले. ओतारी म्हणजे मेणाचे रूप करून, त्यावर माती लिंपून, आत धातू ओतणारा. राजवाड्याचे देवघरातील देव सात पिढ्या याचेच घरचे ओतलेले. कारभारी बोलिले, "हुजुरांचे मस्तकाबरहुकूम कवटी पाहिजे, पंचधातूची, खाली नाव कोरून. वकिलांपुढे आमचे हसे जाहले तर तुझी भट्टी फोडून तुला वेशीबाहेर घालू." सटवाजीने मान डोलाविली. मग हुजुरांनी पागोटे उतरविले आणि सटवाजीने सुताने माप घेतले, बोटांनी कपाळ, गाल, हनुवटी चाचपून हाडाचा अदमास घेतला, आणि घरी जाऊन मेण मळिले. डोळ्यांच्या खाचा साधल्या, नाकाचे भोक साधले, वरचा एक दात हुजुरांचा अर्धा तुटका आहे तोही साधला. सर्व साधले, आणि वरच्या ओठापाशी येऊन हात थांबला तो थांबलाच. तीन दिवस सटवाजी मेणाकडे पाहत बसला, भाकर गोड लागेना. चौथे दिवशी त्याची बायको तुळसा बोलिली, "काय अडलंया येवढं?" तो बोलिला, "मिशा." ती बोलिली, "अवो, कवटीला कुटं मिशा असत्यात?" तो बोलिला, "नसत्यात. पर ही राजाची हाय, खाली नाव यायचं हाय. बाप जिता असताना लेकाच्या मिशा उतरवायच्या? थोरलं सरकार जितं हायती." तुळसेस ते पटले, कारण आमचे राज्यात लेकरूही जाणते की बाप निवर्तला म्हणजे पुत्राने मिशी उतरवावी, त्याआधी उतरविली तर बापाचे मरण चिंतिले ऐसे होते. मग ती बोलिली, "मिशा ठिवल्या तर भट्टी जाईल." तो बोलिला, "जाईल." ती बोलिली, "मग जाऊ द्या. म्हाताऱ्या जिवाचं वंगाळ आपल्या हातनं नगं." मग सटवाजीने मेणाची वळी करून दोन्हीकडे पीळ दिला आणि माती लिंपिली.

विजयादशमीस दरबार भरला. पाच राज्यांचे वकील उजवे हाती, सरदार डावे हाती, नौबत झडली, आणि कारभाऱ्यांनी कवटीवरील जरीचा रुमाल काढिला. कवटी चकचकीत, दात विचकलेली, आणि नाकाचे भोकाखाली झुबकेदार मिशा, टोके वर चढविलेली. प्रथम कोणी हसले नाही. मग उत्तरेकडील वकिलास खोकला आला, तो खोकला नव्हता, आणि पाठोपाठ अवघा दरबार खदखदला. आम्हीही हसलो, खोटे कशास लिहावे? महाराजांचा चेहरा लाल जाहला. कारभारी ओरडले, "सटवाजी, कवटीस मिशा पाहिल्यास कधी? धरा यास!" दोघा शिपायांनी दंड धरिले. सटवाजी तसाच वाकून बोलिला, "सरकार, बाकीच्या कवट्या बेवारशी हायती, त्यास्नी ना आई ना बाप. ही तुमची हाय. थोरलं सरकार जितं हायती, मिशी मी कशी उतरवू? भट्टी फोडायची तर फोडा." तेव्हा हसणे थांबले. महाराजांनी कारभाऱ्यांकडे वळून पुसिले, "थोरले महाराज कसे आहेत?" कारभारी बोलिले, "क्षेम आहेत ऐसे ऐकितो." महाराज बोलिले, "कोणाकडून ऐकिता?" कारभारी बोलिले, "चाकरांकडून." येथे ऐकणारास सांगणे अगत्य की, थोरल्या महाराजांनी पाय अधू जाहले म्हणोन आपखुशीने गादी पुत्रास दिली होती आणि आपण मागील महाली राहत होते. दरबारापासून तो महाल दोन चौक. आज जाऊ, उद्या जाऊ करिता करिता महाराज चार वर्षे तिकडे गेले नव्हते, आणि दसऱ्याचे सोने वडिलांस चाकराहाती जात होते. मग शिपायांचे हातातून सटवाजीच बोलिला, "मी अधनंमधनं देव उजळाया तकडं जातो, सरकार. परवा दोन घास भात खाल्ला त्यांनी. मला इचारलं, पोरगा गावात हाय, का मुलूखगिरीवर हाय?"

हे ऐकोन महाराज सिंहासनावरून उठले. वकील बसलेले, विडे व्हावयाचे, सीमोल्लंघनाचा हत्ती दारी उभा, तसे सर्व टाकोन, तबकातील आपट्याची पाने मुठीत धरोन मागील महाली चालिले. आम्हांस हुजुरांची वाटचाल टिपून ठेवण्याचा हुकूम असे, म्हणोन आम्ही मागोमाग गेलो. थोरले महाराज खिडकीपाशी लोडास टेकून बसले होते, अंगावर साधे उपरणे होते आणि चाकर पंखा वारीत होता. महाराजांनी पाने त्यांचे हाती दिली, पायांवर डोके ठेविले, आणि लवकर उचलिले नाही. थोरल्या महाराजांनी हनुवटीस हात लावोन मुख वर केले, उजेडाकडे फिरविले, न्याहाळिले, आणि बोलिले, "तुझ्या मिशा पिकल्या की रे. मला कोणी सांगितलेसुद्धा नाही." आमची लेखणी तेथे चालली नाही. आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो.

तात्पर्य इतकेच की, सटवाजीची भट्टी कायम जाहली आणि कवट्यांचा हुकूम मागे घेतला गेला. थोरले महाराज पुढे सात महिने होते, आणि त्या सात महिन्यांत धाकटे महाराज एकही वेळ दुसरीकडे जेविले नाहीत. पाहिले ते लिहिले.