सोळावं गुणसूत्र

शेवटचा तुकडा कात्रीने कापून मेघनाने तो वर्तमानपत्रावर ठेवला, तेव्हा रविवारचे साडेदहा वाजले होते आणि तिची मान सरळ व्हायला तयार नव्हती. तिच्यासमोर कांद्याची सोळा गुणसूत्रं मांडलेली होती. नखाएवढे, वाकडेतिकडे, काळे कागदी तुकडे.

डोंबिवलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत शिकवत मेघना सात वर्षं पीएचडी करत होती. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी पेशींचं विभाजन चालू असतं, तेव्हाच सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं दिसतात. दिसतात म्हणजे एकमेकांच्या अंगावर पडलेली दिसतात. चारशे बारा स्लाइड पाहिल्यावर तिला एक पेशी अशी मिळाली होती, की जिच्यात सोळाच्या सोळा सुटी होती.

तिचे मार्गदर्शक टिपणीस सर जुन्या पद्धतीचे होते. फोटो मोठा करून छापायचा, एकेक गुणसूत्र कापायचं, लांबी आणि कंबर, म्हणजे मधली चिमटलेली जागा, बघून आठ जोड्या लावायच्या आणि कार्डावर चिकटवायच्या. कॉम्प्युटर हे काम दोन मिनिटांत करतो, असं मेघनाने एकदा सुचवून पाहिलं होतं. "मग पीएचडी त्यालाच देऊ," सर म्हणाले होते. सर उद्या सकाळी मुलाकडे बंगळुरूला निघणार होते, ते सहा महिन्यांसाठी. आज पाचच्या आत कार्ड ठाण्याला, नौपाड्यात सरांच्या घरी पोचलं नाही, तर सही दिवाळीनंतर. फोटोची प्रत ही एवढीच होती. मूळ फोटो कॉलेजच्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि कॉलेजला रविवारची सुट्टी होती.

"अगं, किती घामाघूम झालीयेस," म्हणत सासूबाई आल्या आणि त्यांनी मायेने पंखा पाचावर केला.

टेबलावर नुसतं वर्तमानपत्र फडफडत राहिलं.

"काही उडालं का?" सासूबाईंनी विचारलं.

"सात वर्षं," मेघना म्हणाली आणि जमिनीवर बसली.

सासरे, म्हणजे आबा, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे चेअरमन. गळती शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांनी हॉलचे चार भाग पाडले आणि ते एकेकाला वाटून दिले. मेघनाचा नवरा प्रशांत याच्या वाट्याला सोफ्याखालचा भाग आला. त्याला तिथे गेल्या वर्षी हरवलेला रिमोट मिळाला आणि तो त्याचीच बॅटरी बघत बसला.

तासाभरात चौदा तुकडे जमले. पंधरावा डोशाच्या पिठात सापडला. सासूबाईंनी तो चिमटीत धरून धुतला, पदराने टिपला आणि कोमट तव्यावर वाळत ठेवला. सोळावा मात्र मिळेना.

एवढ्यात समोरच्या रतनकाकू विरजण मागायला आल्या. सगळं घर रांगताना पाहून त्या दारातच थबकल्या.

"काय हरवलं?"

"गुणसूत्र," सासूबाई सोफ्याआडून म्हणाल्या.

रतनकाकूंना एका कानाने कमी ऐकू यायचं. त्यांनी मेघनाच्या गळ्याकडे पाहिलं. कापताना सारखं मध्ये येतं म्हणून मेघनाने मंगळसूत्र काढून कपाटात ठेवलं होतं.

"अगं बाई. किती तोळ्यांचं?"

"फार छोटं होतं हो. पण तसं दुसरं मिळायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

रतनकाकू विरजण न घेताच गेल्या. पंधरा मिनिटांत बिल्डिंगभर झालं की तीनशे दोनमधलं मंगळसूत्र गेलं. इकडे आबांना शंका आली, की तुकडा कचऱ्यात गेला असेल. त्यांनी इंटरकॉमवरून वॉचमन साईनाथला आदेश दिला, "आमच्या घरातली वस्तू मिळत नाहीये. गेटबाहेर काही जाऊ देऊ नकोस. नीट बघून सोड." कचऱ्याची पिशवी, हे दोन शब्द सांगायचे ते विसरले.

साईनाथने नीट बघितलं. मेघनाकडची भांडी घासून, वरच्या मजल्यावरचं काम उरकून सरोज खाली उतरत होती. त्याने तिला गेटवर थांबवलं आणि सगळ्यांदेखत तिची पिशवी उघडली. पिशवीत डबा, छत्री आणि नातवासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा होता.

आवाज ऐकून मेघना धावत खाली गेली. सरोज रडत नव्हती, हे तिला जास्त लागलं.

"सरोजताई, चुकलं आमचं. मंगळसूत्र नाही हो, कागद हरवलाय. कागदाचा तुकडा."

"कागदासाठी माझी पिशवी उघडली?"

"हो," मेघना म्हणाली.

"मला बघू द्या कुठला कागद तो," म्हणत सरोज जिना चढू लागली.

टेबलावर आता पंखा बंद होता आणि पंधरा तुकडे वाटीखाली होते. सरोजने चटई ओढली, तुकडे समोर घेतले. जोड्या मांडत मेघनाने सांगितलं, की प्रत्येकाला जोडीदार असतो, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. लांबी सारखी हवी आणि कंबर एकाच ठिकाणी.

"कानातल्यासारखं," सरोज म्हणाली. आंबिवलीला घरी ती इमिटेशनच्या कानातल्यांच्या जोड्या लावून पुठ्ठ्यावर टोचायचं काम करायची. "मग ह्या दोघांना एकत्र का ठेवलंय? ह्याची कंबर खाली आहे. हा त्याचा नाय, ह्याचा."

मेघनाने फूटपट्टी लावली. सरोजचं बरोबर होतं. तेवढ्यात सरोजने पिठातला तुकडा उचलला, बोटांत चोळून पाहिला. "हा जाड लागतोय." तिने कडेला नख घातलं. एकाचे दोन झाले. डोशाच्या पिठाने खळीपेक्षा चांगलं काम केलं होतं.

"मिळालं तुमचं?" सरोजने विचारलं.

"मिळालं."

"बरं," म्हणून ती निघून गेली. चहा ठेवला होता, पण ती थांबली नाही.

पावणेपाचला मेघना नौपाड्यात सरांच्या दारात उभी होती. सरांनी भिंग घेतलं आणि कार्ड वीस मिनिटं पाहिलं. कोपऱ्यातल्या पिवळट डागाबद्दल ते काही बोलले नाहीत.

"सहावी जोडी कुणी लावली?"

मेघनाने खरं ते सांगितलं.

"मी नेहमी उलटी लावत आलोय," सर हळूच म्हणाले. "तुझ्या आधीच्या माझ्या चार विद्यार्थ्यांनीही तशीच लावली. ते चौघं आता डॉक्टर आहेत." त्यांनी सही केली. "त्या बाईंना माझा नमस्कार सांग. बाकी कुणाला काही सांगू नकोस."

घरी पोचल्यावर तिने फोन लावला. "सरोजताई, सरांनी नमस्कार सांगितलाय. जोडी बरोबर निघाली."

"ती निघणारच होती. पण वहिनी, उद्यापासून मी येत नाय. गेटवर सगळ्यांसमोर पिशवी उघडली ना, आता गेटवरच सगळ्यांसमोर माफी मागायची. साईनाथने नाय. तो हुकमाचा माणूस. आबांनी."

मेघनाने निरोप आबांना सांगितला. आबांनी बावन्न वर्षांच्या संसारात सासूबाईंचीही कधी माफी मागितली नव्हती. रात्री जेवताना, आपण चेअरमन आहोत, असं ते फक्त एकदा ताकाकडे बघत म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर खरकट्या भांड्यांचा टब आणून ठेवला आणि त्या झोपायला गेल्या.

सोमवारी सकाळी नऊ वाजता आबा इस्त्रीचा सदरा घालून गेटवर उभे होते. सरोज आली आणि पिशवी हातात धरून थांबली. आबा खाली बघत काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने बोला आबा," सरोज शांतपणे म्हणाली. "काल तळमजल्याचे सगळे बाहेर होते. आज ते आत आहेत."

आबांनी घसा खाकरला. मग ते जे बोलले, ते तिसऱ्या मजल्यावर मेघनाला स्पष्ट ऐकू आलं. समोरच्या दारातल्या रतनकाकूंनाही ऐकू आलं, आणि या वेळी शब्दन् शब्द बरोबर.