टाइम आपला, गाडी तुमची

नोकरी मागायला आलेल्या माणसानं मालकाचीच मुलाखत घेतलेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. ती घेतली म्हाळूनं. जालन्याच्या बायपासला माझं पत्र्याचं ऑफिस आहे. मालाला ट्रक आणि ट्रकला ड्रायव्हर गाठून देणं हा माझा धंदा. सळईचे एक शेठ ड्रायव्हर शोधत होते, म्हणून मी म्हाळूला त्यांच्यासमोर बसवलं. शेठनं तोंड उघडायच्या आत यानंच सुरुवात केली. गाडी कोणकोणत्या गावाला जाते? माल उतरवल्यावर मधे वळवू देता का? आणि मग खुर्ची पुढं ओढून, "बुधवारी गाडी कुठं असंल?"

शेठ म्हणाले, माल असेल तिथं.

"मंग जमायचं न्हाई. टाइम आपला, गाडी तुमची. बराबर हाय का न्हाई?"

शेठ माझ्याकडं बघायला लागले. मी उगाच टेबलाचा ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधत राहिलो.

तसा म्हाळू पंचेचाळिशीचा, काटक, मिशी जाड, बोलणं कमी. ड्रायव्हर म्हणाल तर सोनं. दारू न्हाई, घाई न्हाई, गाडीला कधी ओरखडा न्हाई. पण बुधवार आला की हा गडी गायब. दुधाच्या टँकरवर लावला, तर पहिल्याच बुधवारी सगळं दूध नासलं आणि डेअरीवाल्यानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. सिमेंटच्या गाडीवर लावला, तर गोण्यांवर लेंड्या आणि लोकर निघाली. गिऱ्हाइकानं विचारलं, हे सिमेंट आलंय कुठून? म्हाळूला विचारलं तर म्हणाला, एक लंगडी मेंढी होती, तिला जरा लिफ्ट दिल्ती.

मेंढरांपुढं त्याचं डोकंच चालत नसे. रस्त्यात कळप आडवा आला की दुसरे ड्रायव्हर हॉर्न वाजवतात. हा इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा, दोन्ही हात पसरून मेंढरं पार करून द्यायचा. मागं गाड्यांची रांग लागलेली, लोक शिव्या देऊन राह्यलेत, आणि हा परत येऊन शांतपणे सांगणार, "चौथीच्या खुरात काटा हाय."

त्याच्यासाठी काम शोधता शोधता माझं डोकं पिकलं. कारण बुधवारची भानगड तेवढ्यावर भागत नव्हती. दर आठवड्याला त्याला वेगळ्याच बाजूचा माल हवा असायचा. दिवाळीच्या सुमारास टेंभुर्णीकडचाच पाहिजे म्हणून हटून बसला. नंतर म्हणे भोकरदन रोडचा बघा. पुढं म्हणे आता तीर्थपुरीचा. का म्हणून विचारलं, की हा टायर बघायला बाहेर जायचा. बरं, मंगळवारी बाजारातून पाव किलो शेव, खोबऱ्याचं तेल आणि एकदा तर चांगले छमछम वाजणारे घुंगरू घेताना मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, दुसरं घर असंल. मी म्हटलं, अगं, दर आठवड्याला गाव बदलतंय, घरं तरी किती असावीत माणसाला?

अशात एक काम चालून आलं. बियाणाच्या गोदामाची नवी कोरी गाडी, पगार बारा महिने, रविवारी घरी. जालन्यात असं काम मिळायला ड्रायव्हर देव पाण्यात घालून बसतात. मालक माझ्या ओळखीचे, मी म्हाळूसाठी शब्द टाकला. एकच अट होती. बुधवारी पहाटे गाडी अकोल्याला निघाली पाहिजे, दर बुधवारी. गुरुवारपर्यंत होय की नाही ते सांगा, म्हणाले.

म्हाळूनं ऐकलं, मान खाली घातली आणि नाही म्हणाला. मी भडकलो. त्याला म्हटलं, पन्नाशी जवळ आली, किती दिवस असा उंडारणार आहेस? या बुधवारी मी तुझ्यासोबत येतो, बघतोच तुझं काय चाललंय.

"चला की," तो म्हणाला. मला वाटलं होतं, घाबरेल.

बुधवारी तीर्थपुरीला खताच्या गोण्या उतरवल्या आणि म्हाळूनं गाडी कच्च्या रस्त्यानं शेतांत घातली. एका पानटपरीवर थांबून विचारलं, मेंढरं कोणाच्या रानात बसलीत? टपरीवाल्यानं हात दाखवला. मी म्हटलं, फोन करून विचारावं की माणसानं. तर म्हाळू म्हणाला, "माझ्या बापाला फोन दिल्ता. त्यानं तो चुकार मेंढ्याच्या गळ्यात बांधला. हरवला की शेजारच्याला रिंग द्यायला लावायचा." मेंढा सापडायचा, पण फोन चार्ज करायचा असतो हे म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं. त्यानंतर म्हाळूनं मेंढ्यासाठी घुंगरूच आणले.

बाभळीखाली त्याचा बाप बसला होता, आमच्याकडं पाठ करून. म्हाळूनं लांबूनच दोनदा हॉर्न दिला. म्हातारा हलला नाही. म्हाळूनं वाटेत मला सगळं सांगितलं होतं. नऊ वर्षांपूर्वी यानं आपल्या वाट्याच्या मेंढ्या विकून लायसन काढलं, तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलला नव्हता. मेंढरांमागं गावोगाव फिरतो, कुठं स्थिर म्हणून न्हाई. फक्त बुधवारी कळप हलवायचा न्हाई, हा त्याचा नेम.

म्हाळू कामाला लागला. एकेक मेंढी पकडून तिचे वाढलेले खुर कापले, काटे काढले. म्हाताऱ्याला आता जवळचं दिसत नाही, हे काम त्याला जमत नव्हतं. मग म्हाळूनं शेवेची पुडी बापाजवळ ठेवली, त्याच्या टाचांच्या भेगांना खोबऱ्याचं तेल लावलं. म्हाताऱ्यानं पाय ओढून घेतला नाही, पण नजर मेंढरांवरच.

बऱ्याच वेळानं म्हातारा मला म्हणाला, "पाव्हणं, ह्यो गाडी नीट चालवतो का?"

मी म्हटलं, "बाबा, जिल्ह्यात असा ड्रायव्हर न्हाई."

त्यानं मान हलवली. मग काठी टेकत उठला, एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तिला मोठ्यानं सांगितलं, "पुढल्या बुधवारी वाटूरला बसायचं गं, नाल्याकडच्या रानात."

म्हाळूनं खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं, वाटूर, नाला. नऊ वर्षं त्याला बापाचा पत्ता असाच मिळत होता. मला माझ्या रागाची लाज वाटली. डोळे भरून आले, तर मी खताची धूळ गेली म्हणून सांगितलं.

परत येताना कॅबिनमधून मी आधी गोदामाच्या मालकांना फोन लावला आणि माणूस मिळाला नाही म्हणून सांगितलं. दुसरा फोन वाटूरच्या खत दुकानदाराला केला, म्हटलं, येत्या बुधवारी तुम्हाला काय माल लागतो ते आजच सांगा, गाडी तयार आहे.