नारिंगी रेनकोट आणि सासूबाईंचा तळहात

पावसापाण्यात मोटारसायकल चालवणाऱ्या बाईने काय घालावं, हे कोणी मला विचारावं! लेकीला पाजताना एक हात मोकळा राहतो. त्या एका हाताने फोनवर मी या विषयाचं इतकं वाचलंय की परीक्षा असती तर जिल्ह्यात पहिली आले असते. शिवणीला आतून पट्टी हवी. हातमोज्याचं मनगट बाहीच्या आत जायला हवं, नाहीतर बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट बोटांत उतरतं. बुटांवरच्या आवरणाचा तळ घसरता नको. पँट उभ्याने नाही, बसून घालून बघायची, कारण बसल्यावर ती घोट्यावरून वर पळते. विचारा काहीही!

एवढा अभ्यास करायला कारण होतं. आम्ही सानशिंग गावात राहतो. चहूबाजूंनी कांद्याच्या पातीची शेतं, आणि हिवाळाभर बारीक, गार, चिकट पाऊस. माझी नोकरी जवळच्या लुओतुंग शहरातल्या एका चष्म्याच्या दुकानात. बाळासाठी घेतलेली रजा संपत आली होती. बसने गेले तर सकाळी निघताना यूयू झोपलेली आणि संध्याकाळी पोचेपर्यंत पुन्हा झोपलेली. म्हणजे माझ्या लेकीच्या लेखी मी रविवारपुरती पाहुणी! मोटारसायकलने आले तर ती जागी असताना पोचले असते. मोटारसायकलही होती. गिअरची, लग्नाआधीची. माहेराहून मी आणलेली ती एकमेव मौल्यवान वस्तू, पण पातीच्या खोक्यांमागे ताडपत्रीखाली पडून होती. कारण सासूबाई.

गैरसमज नको. सासूबाई वाईट नाहीत. यूयूला दिवसभर पाठीला बांधून त्या पातीच्या जुड्या बांधतात आणि वर तिच्यासाठी गाणी म्हणतात. पण पाजणाऱ्या बाईच्या छातीला गार वारा लागला की दूध आटतं, हे त्यांच्या दृष्टीने सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं. पुष्कळ बोलणी झाली. माझा नवरा वेन-लुंग कधी मध्ये पडला नाही. आई आणि बायको एका खोलीत असल्या की तो फर्निचर होतो. शेवटी एक तोडगा निघाला. खऱ्या पावसात मी लुओतुंगला जाऊन परत यायचं. आल्यावर सासूबाई कपड्यांच्या आत हात घालून बघणार.

"माझ्या तळहाताला थेंब लागला तर बस," त्या म्हणाल्या. "नाही लागला तर खुशाल ने तुझी ती फटफटी."

मी मनात म्हटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी लाइ काकूंच्या रेनकोटांच्या दुकानात हजर. यूयू सासूबाईंच्या पाठीवर. पुरुषांचा विभाग पाहिला तर जणू समुद्रावर मोहीम निघाली होती: जाड कापड, चमकत्या पट्ट्या, खिशांत खिसे. बायकांच्या विभागात गुलाबी फुलं, जांभळे ठिपके, आणि टोपीला मांजराचे कान लावलेला एक पातळ कागदासारखा प्रकार. बायकांवर पडणारा पाऊस बहुधा कमी ओला असतो! मी हट्टाने पुरुषांचा सूट घालून पाहिला. बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. खाली वाकले तर आत दुसरी एखादी बाई सहज मावली असती. यूयू हसली.

मग लाइ काकूंनी माळ्यावरून एक खोकं काढलं. नारिंगी रंग, जाड कापड, चिकटवलेल्या शिवणी, आतून उबदार अस्तर आणि खरोखर बाईच्या अंगाचा विचार करून शिवलेला. छातीला ऐसपैस जागा, कमरेला निमुळता. मला भरून आलं. सासूबाईंनी मासा पारखावा तसं कापड चिमटीत धरलं, शिवणी ओढल्या आणि मग कोणाला काही कळायच्या आत आपल्या हातातला चहा बाहीवर ओतला. चहा मोत्यांसारखा घरंगळला. सासूबाईंची मान हलली. आता त्यांचा एकच प्रश्न उरला. हा पुढून का उघडतो?

आमच्याकडे दुचाकीवर कोट उलटा घालतात. पुढून हात घालायचे आणि उघडी बाजू पाठीकडे सोडायची, म्हणजे वारा बटणांच्या फटीतून छातीत शिरत नाही. पोस्टमन तसाच घालतो, गावचे पोलीसही. पण हा कोट वेगळा, मी समजावलं. चेनीवर झाकण, त्यावर आणखी एक झाकण. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वाऱ्याच्या तोंडाला दार ठेवणारं घर मी तरी बघितलेलं नाही," त्या म्हणाल्या. "उलटा घालणार असशील तर चाचणी. नाहीतर बस."

मी घासाघीस केली नाही. कोट कोट असतो, म्हटलं. उलटा काय, सुलटा काय! एवढा अभ्यास करून हे एक वाक्य मी मनात म्हटलं, आणि इथेच घोटाळा झाला.

चाचणीच्या सकाळी मस्त पाऊस होता. निघण्याआधी सासूबाईंनी कच्च्या पपईचं आणि माशाचं सूप पुढे ठेवलं, गारठ्याने दूध आटू नये म्हणून. एक वाडगा, मग दुसरा. यूयू मात्र पोट भरून पिऊन नुकतीच झोपली होती. मी कोटात पुढून हात घातले, वेन-लुंगने पाठीमागून चेन वर ओढली, झाकणं दाबली आणि तो पुन्हा फर्निचर झाला.

आता विचार करा. बाईच्या मापाचा कोट. छातीची ऐसपैस जागा पाठीवर गेली. पाठीचा सपाट, ताणलेला भाग छातीवर आला. समोरून मी इस्त्री केल्यासारखी दिसत होते आणि मागून उंटासारखी. सासरे ओट्यावर पात सोलत बसले होते. एकंदर बघून म्हणाले, "सूनबाई, पपई जरा मागे उतरली वाटतं." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढच्या दहा जुड्या मान वर न करता सोलल्या.

आणि टोपी! कोट उलटा म्हणजे टोपी हनुवटीखाली. लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखी ती समोर लटकत होती आणि तिचं तोंड आकाशाकडे उघडं होतं. पहिल्या वळणापर्यंत तिच्यात वाटीभर पाणी साचलं. पुलाशी पोचले तेव्हा वाडगाभर. ब्रेक दाबला की लाट हेल्मेटच्या काचेवर यायची. पाठीवरची दोन्ही वशिंडं वाऱ्याने टम्म फुगली होती. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तो कौतुकाने की काळजीने, देव जाणे. पण आतून मी कोरडी होते! खडखडीत! लुओतुंगला दुकानाला वळसा घातला आणि गाणं म्हणत परत फिरले.

रेल्वे फाटक पडलं होतं. मालगाडी निवांत चालली होती. माझ्या शेजारी एक स्कूटर येऊन थांबली. चालवणाऱ्या बाईच्या रेनकोटाखाली, छातीशी बांधलेलं तान्हं बाळ होतं. ते रडायला लागलं.

ज्यांनी पाजलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाळ कोणाचं आहे हे दूध विचारत नाही. यूयूची पुढची वेळ जवळ आलेली, पोटात दोन वाडगे सूप आणि छातीवर तो इस्त्री केलेला ताणलेला कोट. मी डोळे मिटून पाढे म्हटले. मालगाडीचे डबे मोजले. चष्म्यांचे नंबर आठवले. काही उपयोग झाला नाही. बाळ थांबलं, मी थांबले नाही. आणि कोट इतका अस्सल की बाहेरचा थेंब आत येत नव्हता, तसाच आतला बाहेर जात नव्हता.

दारात सगळे उभे होते. सासूबाई बाह्या सरसावून, यूयू त्यांच्या कडेवर, जागी. त्या जागेपणासाठीच तर हा सगळा खटाटोप! मी आनंदाने तिला हाक मारली. हेल्मेट घातलेलं, पाठीवर वशिंडं फुगलेलं एक नारिंगी काहीतरी आईच्या आवाजात बोलतंय, हे बघून यूयूने जो टाहो फोडला तो शेजारच्या शेतात ऐकू गेला. तो ऐकून माझं आणखी वाढलं. बूट काढायला खाली वाकले, तर टोपीतलं सगळं तळं सासूबाईंच्या पायमोज्यांवर ओतलं गेलं.

त्यांनी एकेक पाय झटकला. यूयूला सासऱ्यांकडे दिलं आणि माझ्या मागे जाऊन चेन खाली ओढली. चेन दोन बोटं सरकली आणि अस्तरात अडकली. वर जाईना, खाली जाईना. वेन-लुंग फर्निचरपणा सोडून धावला. चेनीला तेल लावलं, साबण लावला. यूयू किंचाळतेय, मी आतून भिजतेय आणि दोघं दोन बाजूंनी ओढताहेत. शेवटी मी हात वर केले आणि कांद्याच्या पातीचं वरचं साल उतरवावं तसा त्यांनी तो कोट माझ्या डोक्यावरून सोलून काढला.

सासूबाईंनी आधी पाठीवर हात ठेवला. पाठ कोरडी, वाफवलेल्या पावासारखी उबदार. त्यांचा चेहरा जरा पडला. मग हात पुढे आला. शर्ट कमरेपर्यंत चिंब होता.

"बस," त्या म्हणाल्या. आवाजात विजय नव्हता, उलट वाईट वाटल्यासारखा होता.

"आई, हा पाऊस नाही."

"मग काय आहे?"

मला सांगवेना. समोर सासरे होते.  नोकरी, बस, झोपलेली लेक, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि डोळेही वाहायला लागले. तेवढ्यात यूयूने सासऱ्यांच्या हातातून झेप घेतली. मी तिला कसंबसं धरलं. तिने माझा ओला शर्ट दोन्ही मुठींत पकडला, तोंड खुपसलं आणि कापडच चोखायला लागली.

 सासरे एकाएकी पात मोजायला बाहेर गेले. वेन-लुंगही गेला. सासूबाईंनी पंचा आणून माझ्या खांद्यावर टाकला, मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः ओल्या पायमोज्यांनी समोर बसल्या. मी यूयूला नीट पाजायला घेतलं.

"वेन-लुंग एवढाच होता," त्या म्हणाल्या. "मी पात धुवायच्या शेडवर जायची. घरी येताना रोज अशीच व्हायची. रस्त्यात सगळे ओळखीचे पुरुष. कोट उलटा घातला की पुढून काही दिसायचं नाही." मग एक पायमोजा काढून पिळत म्हणाल्या, "वाऱ्याचं ते कारण मी माझ्या सासूला सांगायची. नंतर मलाच ते खरं वाटायला लागलं."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी निकाल दिला. फटफटी न्यावी, दुकानात दुपारी दूध काढून ठेवायला जागा मागून घ्यावी आणि चाचणीच्या दिवशी सूप एकच वाडगा. चाचणी आता कशाची, हे मी विचारलं नाही.

तर आता मी रोज मोटारसायकलने येते. पोचते तेव्हा यूयू जागी असते. फक्त कोट तो नाही. चेन दुरुस्त होऊन आली त्याच दिवशी सासूबाईंनी तो सहज अंगाला लावून पाहिला, सुलटा. त्यांना आता कसलं लपवायचंय! तो त्यांना असा बसला की वाटलं, लाइ काकूंनी त्यांच्यासाठीच माळ्यावर जपून ठेवला असावा. तेव्हापासून त्या तो घालून शेतात जातात, बाजारात जातात, उन्हातही जातात. माझ्या अंगात हल्ली मांजराच्या कानांचा आहे. दुकानात माझ्या मापाचा तेवढाच उरला होता.

परवा यूयू पहिल्यांदा "मा" म्हणाली. अगदी स्पष्ट, दोन्ही हात पसरून. मी तिच्या शेजारीच बसले होते. ती दाराकडे बघत होती, आणि दारात नारिंगी कोट घालून सासूबाई उभ्या होत्या.