आबा खोतांची इंग्रज पणजी

आबा खोतांच्या घरी गेलात तर पाणी मिळायच्या आधी तुम्हाला एका इंग्रज बाईच्या पाया पडावं लागतं. ओटीवर, देवघराच्या दाराशेजारी ती टांगलेली आहे. लाल केस, भुवयांचा पत्ता नाही, अंगभर मोती आणि गळ्याभोवती घावन्यासारखी पांढरी जाळीदार कॉलर. "आमची पणजी," आबा ओळख करून देतात. "राणी एलिझाबेथच्या वेळची. पाया पडा, मगे बसा."

चारशे वर्षांपूर्वीची बाई पणजी कशी, असं मी एकदा विचारून पाहिलं होतं. "खोतांची माणसां लांब जगतत," आबा म्हणाले.

मी त्यांचा शेजारी. मसुऱ्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे पणजीच्या बाबतीत आबांना माझी साक्ष लागते. मत मात्र लागत नाही.

चित्र घरात कसं आलं याची आबांकडे गोष्ट तयार असते, फक्त ती दर वेळी वेगळी असते. कधी त्यांच्या मूळपुरुषाने रेडीच्या समुद्रात बुडणाऱ्या कप्तानाला वाचवलेलं असतं, कधी तो कप्तान गोव्याचा पाद्री होतो. पाहुणा मोठ्या हुद्द्याचा असला तर खुद्द राणीच खोतांच्या आंब्यांवर खूश झालेली असते. खरं काय, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "इलायतेत तपास चालू आसा." तपास कोण करतंय हे विचारायची सोय नाही.

तिघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा माड, काजू, भातजमीन सगळं वाटलं गेलं. चित्र तेवढं सामाईक राहिलं. धाकट्याने चित्र एकाला आणि फणसाच्या लाकडाची चौकट दुसऱ्याला, असंही सुचवलं होतं. दोघे भाऊ मुंबईला गेले. आबांनी लग्न केलं नाही, ते इथेच राहिले. दर चतुर्थीला भावांची मुलंबाळं घरच्या गणपतीला येतात आणि आरती आटोपली की पणजीला काय भाव येईल यावर हातघाईची चर्चा होते. कुणी फोटो काढायला मोबाईल उचलला की आबा चित्रावर पंचा टाकतात. "आज तिका बरा नाय."

यंदा मात्र चतुर्थीच्या तोंडावरच थोरला पुतण्या शिरीष फोनवर इरेला पेटला. "काका, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. खरं असेल तर विकू. खोटं असेल तर कशाला एवढी धावपळ? गावचं घर बंद करू, गणपती मुंबईला आणू." आणि त्याने जुन्या चित्रांच्या जाणकार एक बाई परस्पर पाठवूनच दिल्या.

बाई कुडाळला उतरून रिक्षाने आल्या. त्यांनाही आधी पाया पडावं लागलं. मग त्यांनी चित्र उतरवलं, बॅटरी लावली, भिंग लावलं. आबा मागे येरझाऱ्या घालत होते.

"आबा, चित्र देखणं आहे," बाई शेवटी म्हणाल्या, "पण शंभरेक वर्षांपलीकडचं नाही. छापील चित्रावरून इथल्याच कुणीतरी रंगवलंय. तिच्या कानात बघा."

बघितलं. कानात मोत्याच्या कुड्या होत्या, आपल्याकडच्या बायका घालतात तशा. इतकी वर्षं मी त्या बाईसमोर वाकत होतो आणि चित्रकलेच्या मास्तराचं तिच्या कानाकडे लक्ष गेलं नव्हतं. "चित्रकाराला कुड्यांशिवाय बाई ठाऊकच नसावी," बाई हसून म्हणाल्या.

आता आबा भडकणार म्हणून मी सरसावून बसलो. ते खुर्चीवर टेकले. "माका म्हायती आसा. बापाशीन सांगलेल्यान."

"मग विलायतेतला तपास?"

"गुरुजी, खरी म्हटली तर इकून मोकळे होतले. खोटी म्हटली तर हंय येतले कित्याक? काय ता ठरूक नाय, म्हणान येतत. चार दिस घर भरता. मगे वरीसभर मी आणि ही बाय."

एरवी आबांची टिंगल करायला मला निमित्त लागत नाही. त्या वेळी मी उठून पणजीला परत जागेवर टांगलं. माझीही दोन मुलं पुण्याला आहेत आणि माझ्याकडे तर चित्रही नाही.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. शिरीषच होता. आबांनी हात जोडले.

"बाईनू, खोटी आसा म्हणान सांगा नकात. अजून ठरूक नाय, इतक्याच सांगा."

"कधीपर्यंत सांगू असं?"

"मी आसंय तवसर."

बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन घेतला. "आजच काही सांगत नाही. मला पुन्हा यावं लागेल. चतुर्थीला सगळे इथे भेटाल ना?"

"म्हणजे काय, येतोच आहोत! सगळेच येतो," पलीकडून शिरीषचा उत्साही आवाज आम्हालाही ऐकू आला.

आबा आमच्याकडे पाठ करून पंच्याने तोंड पुसत राहिले. बराच वेळ पुसत होते. मग एकदम माझ्यावरच खेकसले, "गुरुजी, बसलात काय? माळ्यारची मोठी टोपां काढूची आसत. हात लावा!"