खाली कोण आहे?

तिसऱ्या मजल्यावरच्या गजभिये साहेबांनी मला फसवलं. डोळ्यांच्या बाबतीत फसवलं. रंगाचा डबा नुसता ढवळून त्यात पाणी मारलंय की नाही ते मी सांगतो. त्या मला एका रिटायर्ड गृहस्थाने तोंडावर खोटं सांगितलं, तेही महिनोन्महिने, आणि मी मान हलवत ऐकून घेतलं. हे मी विसरणार नाही.

आधी माणूस सांगतो, मग तक्रार.

आमची बिल्डिंग नाहूरला, स्टेशनपासून चालत येण्याजोगी. मी दुसऱ्या मजल्यावर, साहेब बरोबर माझ्या डोक्यावर. मी पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर. हातात ब्रश घेऊन या धंद्यात आलो आणि भांडून भांडून मोठा झालो. साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. माहुलच्या एका रिफायनरीत सेफ्टी खात्यात सगळी नोकरी झाली. उंच टाक्यांवर चढणाऱ्या माणसांना पट्टे बांधायला लावायचे, हे काम. नोकरीतून ते रिटायर झाले, त्यांचा स्वभाव झाला नाही.

त्यांचा नियम असा. वर चढणाऱ्याने आधी ओरडायचं, "चढतोय!" खाली जो उभा असेल त्याने म्हणायचं, "आहे!" ते "आहे" कानावर पडल्याशिवाय पाय उचलायचा नाही. टाकीसाठी ठीक आहे हो. साहेब हा नियम स्टुलालाही लावायचे.

पहिल्या मजल्यावरच्या जोशी काकू दसऱ्याला दारावर तोरण बांधत होत्या. साहेब भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. थबकले.

"खाली कोण आहे?"

"कोणी नाही हो. एवढंसं तर स्टूल आहे."

"स्टूल एवढंसं असतं, काकू. फरशी एवढीशी नसते."

मग तोरण पूर्ण होईपर्यंत एका हाताने स्टूल धरून, दुसऱ्या हातात मेथीच्या जुड्या सांभाळत उभे. काकूंना तोरण डावीकडे ओढल्यासारखं वाटत होतं, पण साहेबांचा हात अवघडेल म्हणून त्या तशाच उतरल्या. ते तोरण दिवाळीपर्यंत वाकडं होतं.

गणपतीत आमचे चेअरमन टेबलावर चढून माळा लावत होते. साहेबांनी मागून येऊन त्यांच्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक खिडकीच्या ग्रीलला. चेअरमन टेबलावरून उतरले, पण दोरीतून सुटायचे राहिले. आरतीला पुढे धावले आणि गणपतीपासून हातभर अंतरावर गपकन थांबले. लोकांना वाटलं, भक्तीने भरून आलं.

घरात तर विचारूच नका. साहेब पंखा पुसायला चढले की "चढतोय!" आणि स्वयंपाकघरातून वहिनींचं "आहे!" आमच्या खिडकीतून दोन्ही स्पष्ट ऐकू यायचं. कधी वहिनी भाजी परतता परतताच "आहे" म्हणायच्या. मग वरून साहेब, "आवाजावरून कळतं, हात स्टुलाला नाही!" आणि वहिनी, "आले बाई! जन्मभर या माणसाचं स्टूल धरतेय मी!" माझी बायको खाली हसायची. मला म्हणायची, "बघ. तू चढतोस तेव्हा मला विचारतोस तरी का?"

बिल्डिंगला बाहेरून रंग काढायचं ठरलं आणि ते काम मी घेतलं. बांबूंची परांची बांधून झाली. पहिल्या सकाळी साहेब खुर्ची आणि छत्री घेऊन खाली येऊन बसले.

"पवार, पट्टे कुठे आहेत?"

"साहेब, माझी माणसं जन्मभर बांबूवर चढतायत. त्यांना पट्टे नाही लागत."

"कधी पडलेत?"

"कोणीच नाही!"

"मग पडल्यावर काय होतं ते त्यांना माहीत नाही."

माझं डोकं तापलं. पण सौदा हा माझा प्रांत. म्हटलं, याला घासाघीस करून गुंडाळतो. "चला, तुमचं पण नको, माझं पण नको. चौथ्या मजल्यापासून वर पट्टे. खाली नाही."

"चालेल," साहेब म्हणाले. मी मनात म्हटलं, जिंकलो. "फक्त तिसऱ्यावरून कोणी पडला, तर तो खाली पोचायच्या आत त्याला समजावून सांगा. आपला करार चौथ्यापासून आहे."

खाली उभी असलेली माझी माणसं फिदीफिदी हसली. पट्टे आणले. साहेबांनी पट्टा बांबूला अडकवू दिला नाही, गच्चीवरून वेगळी दोरी सोडायला लावली. बांबूच निसटला तर पट्टा बांबूबरोबर खाली येईल, म्हणे. मी इतका भडकलो होतो की गच्चीवरच्या गाठी स्वतः मारल्या.

आणि एका दुपारी रामसजीवन घसरला. माझा जुना पेंटर. पाचव्या मजल्यापाशी बांबूवरून पाय गेला, डबा सुटला, सगळा रंग भिंतीवर. हा दोरीला लटकलेला, डोळे घट्ट मिटलेले. मी खाली नुसता "अरे, अरे" करत राहिलो. साहेब छत्री टाकून भिंतीखाली गेले, मान वर केली आणि ओरडू लागले, "आहे! आहे रे! मी आहे!" गच्चीवरच्या दोघांनी त्याला खिडकीच्या सज्ज्यावर घेईपर्यंत साहेब थांबले नाहीत. आवाज बसला त्यांचा.

रामसजीवन खाली आला तो म्हणाला, "साहब, कुछ दिख नहीं रहा था. बस आपकी आवाज आ रही थी."

"मग झालं तर," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि मोडलेली छत्री उचलायला गेले.

त्या दिवशी चहा पिताना मी विचारलं, "साहेब, नोकरीत तुमच्या हाताखालचं कोणी पडलं होतं का? म्हणून इतकं मनावर घेता?"

"नाही. एकही नाही."

"मग?"

"त्याचंच टेन्शन असतं ना, पवार."

असा हा माणूस. आता माझी तक्रार.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. मुलगी नागपूरला, तिने खूप बोलावलं. साहेब गेले नाहीत. मी अधूनमधून वर जायचो. काही दिवसांनी पाहिलं तर स्वयंपाकघरात अंधार. हॉलमधून येईल तेवढ्या उजेडात साहेब चहा गाळतायत.

"ट्यूब गेली का?"

"ट्यूब नाही, डोळे," साहेब म्हणाले. "उजेड सहन होत नाही आताशा."

मी विश्वास ठेवला. सगळ्या बिल्डिंगने ठेवला. जोशी काकूंनी गाजराचा हलवा पाठवला, गाजर डोळ्यांना चांगलं म्हणून. माझ्या बायकोने रोज गुलाबपाणी. साहेब सगळं घ्यायचे, "बरं वाटतंय" म्हणायचे आणि स्वयंपाकघरात अंधारच. शेवटी मी माझं काम सोडून त्यांना मुलुंडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. केवढी रांग! डॉक्टरने प्रखर लाइट मारून दोन्ही डोळे तपासले. साहेब पापणीसुद्धा हलवेनात.

"काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला. "या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मात्र तुमचे दाखवून घ्या."

येताना रिक्षात मी नुसता मीटर बघत होतो. साहेब बाहेर बघत बसले.

संध्याकाळी मात्र राहवेना. जाब विचारायचा म्हणून तडक वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्टूल ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर ऐकत होतो, आणि रोज मनात शिव्या देत होतो, की हा म्हातारा फर्निचर कशाला सरकवतो? मी दारातच थांबलो.

साहेब स्टुलापाशी उभे होते. हातात नवी कोरी ट्यूब. त्यांनी हळूच म्हटलं, "चढतोय."

थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग ट्यूब कोपऱ्यात टेकवली आणि स्टूल परत ओढून भिंतीला लावलं.

नियम म्हणजे नियम. "आहे" ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

मी आत गेलो. म्हटलं, "साहेब, इलेक्ट्रिशियनला तरी बोलवायचं."

"तो बदलून जाईल हो," ते म्हणाले. "पण स्टुलावर मी चढायचो आणि ती खाली असायची. बाकी स्वयंपाक तिचा, बाजार माझा. तेवढं एकच काम आम्ही दोघं मिळून करायचो."

मी स्टूल ओढून आणलं आणि दोन्ही हातांनी धरलं. मला घासाघिशीची सवय आहे. आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या मग चढा, असं म्हणणार होतो. तेवढ्यात शेजारून आलं, "चढतोय."

आवाजावरून हात स्टुलाला आहे की नाही ते या माणसाला कळतं. आवाज कापला तर तेही कळलं असतं. म्हणून मी आधी घसा खाकरला आणि मग म्हटलं, "आहे!"

ट्यूब लागली. ओटा, डबे, वहिनींची भाजी परतायची कढई, सगळं एकदम दिसायला लागलं. साहेब उतरले ते हात पुसत म्हणाले, "पवार, चहा टाकतो." बस. एवढंच. माझा सौदा अर्धाच राहिला.

म्हणून हे लिहिलंय. साहेब, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, डॉक्टरने माझ्यासमोर सांगितलंय, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. अख्ख्या बिल्डिंगला तुम्ही विचारत फिरलात, खाली कोण आहे? रामसजीवनसाठी आवाज बसेपर्यंत ओरडलात. आणि तुमच्या स्वतःच्या पाळीला अंधारात चहा गाळत बसलात. मी खालच्या मजल्यावर होतो. खिडकीतून नुसतं "पवार" म्हटलं असतंत तर जेवणाच्या ताटावरून उठून आलो असतो. मला हाक का नाही मारलीत? तुमच्याच भंडाऱ्याच्या भाषेत विचारतो, काहून?

उत्तर पाहिजे मला. चहावर भागणार नाही.