शेपटी कुणीकडे?

फुसाएबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला आणि स्ट्रॉबेरीचा वाफा नवऱ्याच्या ताब्यात गेला. या दोन संकटांपैकी दुसरं मोठं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

नवरा म्हणजे शिगेनोबू मोरोहाशी. तोचिगीतल्या एका बस डेपोत सदतीस वर्षं नव्या चालकांना शिस्त शिकवून निवृत्त झालेले. मातीला कधी बोट लावलं असेल तर शपथ. वाफ्यातली झाडं तीन वर्षांची, थकलेली. ऑक्टोबर लागला होता आणि ती उपटून त्यांची पिल्लं आताच लावायला हवी होती, कारण मे महिन्यात ओसाकाहून चिनात्सु येणार होती. सातव्या मजल्यावर वाढलेल्या या सहा वर्षांच्या नातीला आजीने शब्द दिला होता, की यंदा स्ट्रॉबेरी तू स्वतःच्या हाताने तोडायची.

फुसाएबाई ओसरीवर बसून हुकूम सोडत होत्या. "आईच्या झाडातून ही लांब दोरी फुटते ना, तिला धरलेलं पहिलं रोप तारो, म्हणजे थोरला. त्याला आईची सगळी दुखणी लागतात. तो फेकायचा. मग जिरो आणि साबुरो, मधला नि धाकटा, ते लावायचे. अहो, ऐकताय ना?"

"थोरला फेकायचा?" शिगेनोबू स्वतः घरातले थोरले होते.

"फेकायचा! आणि दोरीचं हे कापलेलं टोक, ही शेपटी, ती कुंपणाकडे करायची. फळं शेपटीच्या उलट्या बाजूला येतात. शेपटी तिकडे, फळं आपल्याकडे. एवढं एक लक्षात ठेवा."

त्यांनी लक्षात ठेवलंही. पण बांबूच्या कुंपणापलीकडे कुझुमीबाई राहत होत्या, सत्तरीच्या, एकट्या, अतिशय अदबीच्या. त्यांच्या तोंडासमोर बत्तीस शेपट्या मांडायच्या? समोरच्याला पाठ दाखवायची नाही, हे डेपोत ज्यांनी जन्मभर घोकून घेतलं त्यांना ते कसं जमावं! फुसाएबाई चहा करायला आत गेल्या तेवढ्यात त्यांनी सगळ्या शेपट्या घराकडे वळवल्या आणि वरून माती सारखी केली. घरच्यांपुढे कसली आलीय लाज? थोरले त्यांना फेकवेनात, म्हणून ते खोक्यात भरून, 'थोरले आहेत, हवे असल्यास न्यावेत' अशी चिठ्ठी लावून फाटकाबाहेर ठेवले. संध्याकाळपर्यंत खोकं रिकामं झालं.

एप्रिलअखेर फुलांचे देठ लांबले आणि एकजात कुंपणाखालच्या फटीतून पलीकडे निघून गेले.

"अहो!" फुसाएबाईंचा आवाज डेपोपर्यंत गेला असावा. "शेपट्या कुणीकडे केल्या होत्या?"

"शेजारीण आहे ती. तिला पाठ कशी दाखवायची?"

"रोपं आहेत ती! तुमचे ड्रायव्हर नाहीत!"

शिगेनोबूंनी देठ दोऱ्याने ओढून अलीकडे आणायचा प्रयत्न केला. दोन मोडले. तिसऱ्याला हात लावायची परवानगी मिळाली नाही.

मे उजाडला आणि कुझुमीबाई दारात उभ्या राहिल्या. हातात टोपली, टोपलीत पांढरा कागद, कागदावर लालचुटूक फळं. "तुमची फळं वाट चुकून आमच्याकडे आली. माफ करा हं."

"अगं बाई! उलट आमच्या फळांचाच तुम्हाला त्रास!"

आता टोपली रिकामी कशी परत करायची? तीतून बांबूच्या कोंबांचा भात गेला. भाताच्या बदल्यात ओकच्या पानात गुंडाळलेल्या मोची, म्हणजे तांदळाच्या गोड वड्या आल्या. मोचीसाठी गोड्या सोयाबीनचा डबा गेला, डब्यातून खारवलेले मुळे आले, आणि रोज सकाळी नवी फळं येतच होती. आठ दिवसांत फुसाएबाई मेटाकुटीला आल्या. "प्लास्टर होतं तेव्हाच बरी होते मी. आणि पोरीने तोडायचं काय? अहो, त्यांना सांगा ना, रविवारपर्यंत तोडू नका म्हणून."

"म्हणजे तुम्ही आमची फळं तोडता, असं त्यांच्या तोंडावर म्हणू?"

"तसं नाही हो. आडून सांगा."

शनिवारी शिगेनोबू गेले आणि अर्धा तास हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, "उद्या नात येतेय. स्ट्रॉबेरीसाठी जीव टाकते."

"हो का!"

"तुमच्या बाजूला बऱ्याच लाल झाल्यात म्हणे."

"अगदी लाल," कुझुमीबाई म्हणाल्या आणि समजुतीने मान हलवली. शिगेनोबू मोहीम फत्ते झाल्याच्या थाटात घरी आले.

रविवारी सकाळी सहाला कुझुमीबाई दोन टोपल्या घेऊन हजर. "नात येतेय ना! एकही मागे ठेवली नाही. अर्ध्या कच्च्यासुद्धा काढल्या."

दहाला चिनात्सु आली. टोपल्या पाहून ती म्हणाली, "मला खायच्या नव्हत्या. तोडायच्या होत्या." आणि ती पाय आपटत कुंपणालगतच्या अवजारांच्या खोलीमागे जाऊन बसली.

शिगेनोबूंना फार वाईट वाटलं. आयुष्यात बायकोने बागेतलं एक काम सांगितलं आणि त्यात एका लेकराचं मन मोडलं. ते टोपलीतली फळं दोऱ्याने झाडांना बांधायला बसले. सहावी गाठ मारत होते, तेवढ्यात खोलीमागून हाक आली, "आजोबा! इथे आहेत की!"

हिवाळ्यापासून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. कुंपणाखालून पलीकडचे देठ अलीकडे आले होते आणि त्यांना फळं लगडली होती. आजीआजोबा पोचेपर्यंत पोरीने निम्मी तोडली होती आणि तोंड कानापर्यंत रंगवलं होतं.

कुंपणावर कुझुमीबाईंचा चेहरा उगवला. "तुमच्या खोक्यातले थोरले मीच नेले होते," त्या ओशाळून म्हणाल्या. "पानं माजली, फळ एक दिसेना. म्हटलं, चालायचंच, थोरलेच ते."

फुसाएबाईंना शंका आली. "शेपट्या कुणीकडे केल्या होत्या?"

"माझ्या घराकडे. तुम्हाला पाठ कशी दाखवायची?"

फुसाएबाई हसत सुटल्या, त्या पार कुंपण धरून खाली बसल्या. मग त्यांनी सकाळच्या दोन टोपल्यांतली एक कुझुमीबाईंच्या हाती दिली, आणि त्या दिवशी बदल्यात काहीही आलं नाही.

ऑक्टोबरात त्यांनी जाहीर केलं, "यंदा मी लावणार. तुम्ही लांब बसा."

शिगेनोबू ओसरीवर बसले. फुसाएबाईंनी पहिलं रोप उचललं आणि शेपटी कुंपणाकडे केली. पलीकडे कुझुमीबाईंची स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. फुसाएबाईंनी खिडकीकडे पाहिलं, रोपाकडे पाहिलं, आणि रोप हळूच फिरवून शेपटी घराकडे केली.

"बघत काय बसलात?" मागे न वळता त्या म्हणाल्या. "थोरले खोक्यात भरा."